हैबतरावांचा गुरुवार

गुरुवारी अकराच्या आधीच हॉल भरून जायचा. ज्यांना आत जागा मिळत नसे ते ओट्यावर बसत, त्यानंतर आलेले अंगणात मोटारसायकलींना टेकून उभे राहत. ताम्हिणीकडून पहाटेची एसटी धरून आलेल्या दोन म्हाताऱ्या सर्वांत पुढे असत. पिरंगुटच्या कारखान्यातली पोरं रात्रपाळी करून तशीच, डोळे चोळत येत. सगळ्यांची नजर भिंतीवरच्या फळीवर खिळलेली असायची. फळीवर हैबतरावांचा हार घातलेला फोटो होता आणि फोटोशेजारी कापड चढवलेला, नारळाएवढा काळा स्पीकर. हळदीकुंकू वाहून वाहून त्याचा काळा रंग फक्त मागच्या बाजूला उरला होता.

हैबतरावांना जाऊन चार महिने झाले होते. आणि मागचे तीन गुरुवार ते बोलत होते.

मी त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, आता गावातली दहा-बारा मुलं संध्याकाळी माझ्या गच्चीत अभ्यासाला बसतात. भाडेकरूंना बैठकीत जागा नव्हती. आम्ही जिन्याच्या वळणावर उभं राहून खाली बघायचं. पहिल्या गुरुवारी मी तिथूनच ऐकलं, आणि खोटं कशाला सांगू, मी तिथेच पायरीवर बसले.

गेणबाने डोळे मिटले होते. हा गेणबा पूर्वी हैबतरावांच्याच भजनी मंडळात टाळ वाजवायचा. हैबतराव गेल्यावर त्याने भगवं उपरणं घेतलं, आणि लोक त्याला महाराज म्हणू लागले. त्याचा उजवा हात गोमुखीत, म्हणजे जपमाळ ओढायच्या त्या कापडी पिशवीत, सतत हलत असे. डाव्या हातात पितळी घंटी. बैठकीच्या सुरुवातीला तो सगळ्यांचे मोबाईल बंद करून एका परडीत ठेवायला लावी आणि परडी थेट गोठ्यात पाठवून देई.

"आत्म्याला फाइव्ह जी सोसत न्हाई," तो गंभीरपणे सांगायचा. "लहर आडवी आली की आत्म्याला ठसका लागतो. मग तो माघारी गेला तर मला इचारू नका."

कुणी हसत नसे. पुढची म्हातारी तर आपल्या नातवाचं हातातलं घड्याळही काढून परडीत टाकी, उगाच धोका नको म्हणून.

मग घंटी. कानठळ्या बसतील अशी, मिनिटभर. घंटी थांबली की शांतता. आणि त्या शांततेत फळीवरून हैबतराव बोलायचे. तोच घोगरा आवाज, वाक्याच्या शेवटी तोच खोकला.

"माजं ऐका. पोरीला त्या गोळ्या नका घालू. पोरीला कायबी झाल्यालं न्हाई. आपल्या घरात असलं कुनाला न्हाई."

आवाजाच्या मागे कुठेतरी दुरून एक घंटा किणकिणत होती. गेणबाने बोट वर केलं. म्हणाला, ही वैकुंठातली घंटा. बायांनी पदर डोळ्यांना लावले. हैबतरावांची बायको, रत्नाबाई, फळीखाली जमिनीवर डोकं टेकून बसल्या होत्या.

पोरगी म्हणजे दिशा, त्यांची नात. तेरा वर्षांची. तीन वर्षांपूर्वी तिला फिट येऊ लागल्या. पिरंगुटच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि दोन गोष्टी निक्षून सांगितल्या. गोळ्या अचानक थांबवायच्या नाहीत, आणि खोल पाण्यात पोरीला उतरू द्यायचं नाही. गोळ्या लागू पडल्या. दोन वर्षं पोरगी ठणठणीत होती.

त्या पहिल्या गुरुवारी रत्नाबाईंनी गोळ्यांचा डबा देव्हाऱ्यात ठेवून दिला. दिशाची आई उषा माझ्याकडे येऊन रडली. मी खाली गेले, रत्नाबाईंना डॉक्टरांच्या बोलण्याची आठवण करून दिली. त्या शांतपणे म्हणाल्या, "बाई, तुमी शिकल्याल्या हाय. पर मला एक सांगा, मेल्यालं मानूस खोटं कशापायी बोलंल?"

मी वर जायला निघाले तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं की भाडेकरूने घरच्या गोष्टीत पडू नये.

तिसऱ्या गुरुवारनंतरच्या सोमवारी दिशा माझ्या गच्चीत अपूर्णांक सोडवत होती. पेन्सिल पडल्याचा आवाज झाला. मी वळले तर तिचे डोळे वर गेले होते आणि अंग ताठ झालं होतं. मी तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली माझी शाल सरकवली आणि घड्याळ बघत राहिले, कारण डॉक्टरांना किती वेळ झाला ते सांगावं लागतं. तीन मिनिटं. इतकी लांब तीन मिनिटं मी आयुष्यात बघितली नाहीत. तिच्या तोंडाला फेस आला होता आणि मी तिचं नाव घेत होते, ते तिला ऐकू जात नाही हे माहीत असूनही.

संध्याकाळी गेणबा येऊन गेला. फिट आली हे ऐकून तो घाबरेल असं मला वाटलं होतं. तो उलट खूश झाला. म्हणाला, खूण पटली, हैबतरावाला नातीच्या अंगात यायचंय, वाट मोकळी करायला हवी. येत्या गुरुवारी बैठक झाली की पोरीला धरणाच्या पाण्यात अकरा बुड्या द्यायच्या. आणि रस्त्याकडच्या दोन खोल्या रिकाम्या करून तिथे कायमची बैठक मांडायची.

अकरा बुड्या. फिट येणाऱ्या पोरीला, गोळ्या बंद असताना, पौषाच्या थंडीत, धरणात.

मी दिशाचा बाप शेखर याला गाठलं. तो पिरंगुटला कारखान्यात पाळीवर जातो, समंजस माणूस आहे. मी बोलत होते तोवर तो जमिनीकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "बाई, तुमचं खरं आसंल. पर त्यो आवाज बापाचा हाय. मी वळखतो." त्याचा स्वर ऐकून मला कळलं की हा नुसता ऐकत नाहीये, हासुद्धा घाबरलाय.

मंगळवारी दुपारी दिशा वर आली. घरातली सगळी रानात होती. ती बराच वेळ वहीच्या कोपऱ्यावर रेघोट्या ओढत बसली, मग हळूच विचारलं, "बाई, आजोबा माझ्यावर चिडलेत का? मी त्यांना ओझं झाले होते का?"

मला तिला जवळ घेऊन सांगावंसं वाटलं की हे सगळं खोटं आहे. पण मी असं नुसतं सांगितलं असतं तर तिच्याकडे एका बाजूला माझं म्हणणं आणि दुसऱ्या बाजूला आजोबांचा आवाज, एवढंच उरलं असतं. मी म्हटलं, "चिडलेत की नाही ते आपण नंतर बघू. आधी मला सांग, बैठकीत तू काय काय बघितलंस? तुला काय वाटलं ते नको, डोळ्यांनी आणि कानांनी काय कळलं तेवढंच."

तिने नीट आठवून सांगितलं. मोबाईल गोठ्यात जातात. घंटी फार जोरात वाजते, आरतीला कुणी इतकी वाजवत नाही. घंटी वाजताना स्पीकरच्या कडेचा निळा दिवा चमकतो. आणि आजोबा दर गुरुवारी तेच बोलतात, खोकतातसुद्धा त्याच ठिकाणी.

"त्याच ठिकाणी?"

"हो बाई. 'झाल्यालं न्हाई' म्हटल्यावर. दर वेळी."

मग ती पाणी प्यायला आत गेली. ती परत येत होती तोच माझ्या कानात टुंग वाजलं आणि मी दचकले. मला कमी ऐकू येतं, दोन्ही कानांत यंत्रं आहेत. ती ब्लूटूथने माझ्या फोनला जोडलेली असतात. मुलाने, सौरभने, जोडून दिलीत. त्याचा फोन आला की आवाज थेट कानात येतो. फोन स्वयंपाकघरात विसरून गच्चीच्या टोकाला आले की जोडणी सुटते, जवळ गेलं की पुन्हा टुंग होऊन जुळते. आत्ता दिशाच माझा फोन चार्जिंगवरून काढून घेऊन आली होती. तिने विचारलं काय झालं, मी सांगितलं. वायर नसताना कसं, हेही सांगितलं: एका यंत्राने दुसऱ्याची ओळख एकदा लक्षात ठेवली की पुढे जवळ आल्याबरोबर दोघं आपोआप हात मिळवतात.

दिशाने माझा फोन उलटसुलट करून बघितला.

"बाई," ती म्हणाली, "आमच्या स्पीकरला बोलून सांगितलं की तो ऐकतो, आणि त्याला पण फोन जोडता येतो. आजोबांना भजनं ऐकायला बाबांनी तो आणला, तेव्हा मीच सगळं लावलं होतं. आणि तेराव्याला गेणबाकाकांनी त्यांचा फोन जोडून भजनं लावली होती. मीच जोडून दिला होता."

मी काही बोलायच्या आत ती जिना उतरून गेली. खालून तिचा आवाज आला, ती स्पीकरला नवा फोन शोधायला सांगत होती. मी माझ्या फोनवर यादी उघडली. माझ्या कानांच्या यंत्रांखाली आणखी एक नाव उमटलं.

हैबतराव.

काय चाललंय हे माहीत असूनही मी फोन बाजूला ठेवणार होते. मग लक्षात आलं, स्पीकर आजोबांचा म्हणून पोरीने तेव्हा त्याला त्यांचंच नाव दिलं असणार. मी त्या नावावर बोट ठेवलं. खालून एका बाईच्या गोड, परक्या आवाजात माझं नाव ऐकू आलं: "आशालता के फोन से कनेक्ट हो गया है."

मी सौरभचा एक जुना निरोप लावला. हॉलमधून तो खणखणीत बोलला, "आई, शनिवारी येतो, भाजी आणू नकोस."

दिशा धापा टाकत वर आली. भीती अजून चेहऱ्यावर होती, पण तिच्यातून हसू फुटत होतं. "बाई, सौरभदादा तर जिवंत आहे. त्याचा आत्मा आमच्या हॉलमध्ये कसा काय बोलला?"

ती घंटी कशासाठी हे मी तिला सांगितलं नाही. तिनेच सांगितलं. जोडणी झाली की ती बाई नाव घेते. ते ऐकू येऊ नये म्हणून घंटी. आणि मोबाईल गोठ्यात कशाला, हेही तिनेच खाली-वर करून शोधलं: माझा फोन जोडलेला असताना तिने उषाचा जुना फोन जोडून बघितला, तर स्पीकरने तो घेतलाच नाही. एका वेळी एकच. दुसऱ्या कुणाचा फोन आधी जोडला गेला तर गेणबाचा लागणारच नाही.

मी रात्री शेखर आणि उषाला हे सगळं सांगितलं. उषाने माझे हात धरले. शेखर म्हणाला, आईला असं सांगून पटायचं नाही, तिच्या डोळ्यांपुढे घडायला हवं. तो आमच्या बाजूने उभा राहील की नाही, मला गुरुवारपर्यंत कळलं नाही.

गुरुवारी गर्दी दुप्पट होती. बुड्यांची बातमी पसरली होती. अंगणात जीप तयार उभी होती. दिशाला पिवळी साडी नेसवून फळीखाली पाटावर बसवलं होतं. त्या साडीत ती सात-आठ वर्षांची वाटत होती. मी जिन्याच्या वळणावर, पदराखाली फोन घट्ट धरून. माझा फोन परडीत गेला नव्हता, कारण जिन्यावरच्यांना कुणी मोजतच नव्हतं. स्पीकरला मी साडेदहालाच जोडून ठेवलं होतं.

गेणबाने घंटी वाजवली. थांबला. शांतता.

फळी गप्प.

त्याने पुन्हा वाजवली, जास्त वेळ. गोमुखीतला हात भराभर हलत होता. इतक्या घाईत कुणी जप करत नाही. तिसऱ्यांदाही काही झालं नाही तेव्हा त्याच्या कपाळावर घाम आला, आणि मग त्याने ते केलं ज्याची मला सर्वांत जास्त भीती वाटत होती. त्याने दिशाकडे बोट केलं.

"हिच्यात दुसरंच कायतरी शिरलंय. तेच हैबतरावाला येऊ देत न्हाई. पोरीला आत्ताच्या आत्ता पान्यावर न्या."

चार-पाच जण उठले. मागून कुणीतरी ओरडलं, उचला तिला. उषा पुढे धावली, तिला बायांनी धरलं. मी अंगठा फोनवर टेकवला. दिशा पाटावरून उठली. ठरल्याप्रमाणे तिने गेणबासमोर ठेवलेली घंटी उचलली आणि पोटाशी घट्ट धरली.

"काका," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "एकदा घंटी न वाजवता बोलवा आजोबांना. मग मी येते पाण्यावर."

उठलेली माणसं थबकली. गेणबा लोकांकडे बघून काहीतरी बोलू लागला, लहरींबद्दल, आणि गोमुखीतल्या हाताने सवयीने दाबत राहिला. मी माझी जोडणी तोडली.

भरल्या हॉलमध्ये, घंटी नसताना, फळीवरून ती गोड परकी बाई बोलली:

"गेणबा के फोन से कनेक्ट हो गया है."

हिंदी सगळ्यांनाच कळतं. मग रात्रपाळीच्या पोरांपैकी एकाला हसू आवरेना. "महाराज," तो म्हणाला, "वैकुंठातनं तुमालाच फोन आलाय."

शेखर उठला. तो जिकडे जाईल तिकडे सगळं वळणार होतं. तो सरळ गेणबापाशी गेला, गोमुखी ओढली आणि उलटी केली. माळ नव्हतीच. मोबाईल पडला, उजळलेला. शेखरने पडद्याकडे बघितलं, एका ओळीवर बोट टेकवलं. फळीवरून हैबतराव बोलले, "माजं ऐका. पोरीला त्या गोळ्या नका घालू..." आणि ठरलेल्या ठिकाणी खोकले.

कुणीतरी गेणबाच्या अंगावर धावलं. मी खाली उतरून मधे उभी राहिले. मार खाऊन तो सुटला असता आणि लोक उद्या दुसऱ्याच्या पाया पडले असते. गेणबा भिंतीला चिकटून म्हणाला, "मी काय खोटं ऐकवलं? आवाज त्येचाच हाय. त्येनंच मला पाठवला व्हता, घरच्यांस्नी ऐकव म्हनून."

आणि रत्नाबाई म्हणाल्या, "व्हय. आवाज त्येंचाच हाय."

युक्ती उघडी पडली होती, तरी त्या फळीकडे बघत होत्या, देव्हाऱ्यातल्या डब्याकडे नाही. आवाज खरा होता. शब्द खरे होते. हैबतरावांना टाइप करायचा कंटाळा. ते सगळ्यांना बोलूनच निरोप धाडायचे. मी सगळी तयारी केली होती, ही नव्हती.

दिशाने आजीचा हात धरला. "आजी, मागची घंटा ऐक. बाबा, परत लावा."

शेखरने पुन्हा लावलं. किणकिण.

"ही मैनाच्या गळ्यातली घंटा आहे. मैना गाय आपण कधी विकली?"

रत्नाबाईंचे ओठ हलले. तीन दिवाळ्या झाल्या, त्या पुटपुटल्या. म्हणजे हे बोलणं त्याच्याही आधीचं. तेव्हाचं, जेव्हा फिट नव्या नव्या येत होत्या आणि हैबतरावांना ते मान्यच होत नव्हतं. पुढे दिशा पाण्याच्या टाकीवर पडली, कपाळ फुटलं, आणि तिला दोन्ही हातांवर उचलून डॉक्टरकडे नेणारे हैबतरावच होते. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी पोरीला गोळी तेच द्यायचे. हे सगळं रत्नाबाईंनीच मला कधीकाळी सांगितलं होतं. भीतीने त्यांना त्याचा विसर पडला होता.

शेखरने गोठ्यातून आपला फोन आणला. बराच वेळ तो वर वर सरकवत राहिला. मग गेणबाचा फोन बंद करून आपला स्पीकरला जोडला. ती बाई त्याचं नाव बोलली, आणि मग हैबतराव, जाण्याच्या पंधरा दिवस आधीचे:

"शेकर, गोळी दिली रं पोरीला. आट वाजता दिली. तू घाई करू नको, गाडी दमानं चालव."

हॉलमध्ये नाक ओढल्याचे आवाज येत होते. रत्नाबाई फळीकडे बघत उभ्या राहिल्या.

"ह्याच्यात घंटा न्हाई वाजली," त्या हळू म्हणाल्या. मग देव्हाऱ्यातून डबा काढला, पदराने पुसला आणि शेखरकडे दिला. "जीप उभीच हाय. डाक्टरकडं चल. मधे इतके दिस सुटल्यात, आता किती द्यायची ते त्येंनाच इचारू."

दिशा आता पुन्हा ठीक आहे. गेणबाची चौकशी पौडच्या पोलिसांकडे चालू आहे. आणि माझ्या गच्चीतल्या मुलांनी दुसऱ्याच दिवशी मागणी केली की तो स्पीकर वर आणा. आणला. प्रत्येकाने आपला किंवा आईचा फोन जोडून बघितला, किती पावलांवर जोडणी सुटते ते मोजलं, भिंतीआडून, पत्र्याआडून. सर्वांत लहान पिंकी चौदा पावलांवर थांबून म्हणाली, "म्हणजे वैकुंठ चौदा पावलांच्या आत असणार." तिला कुणी रागावलं नाही.

मी हे लिहिते आहे ते गेणबाला हसण्यासाठी नाही. तो आवाज मीही ऐकला आणि माझेही पाय लटपटले. घाबरणं हा काही गुन्हा नाही. पण घाबरलेल्या माणसाला कुणी म्हणालं की औषध टाकून दे, फोन बाजूला ठेव, प्रश्न विचारू नकोस, तर त्याच वेळी थांबा. ज्याला तुमचा प्रश्न नको आहे, त्याच्या हातात काय आहे ते बघा. आजारासाठी डॉक्टर आहेत. आणि गेलेल्या माणसाचं काय म्हणणं होतं हे जाणून घ्यायचं असेल, तर तो जिवंत असताना तुमच्यासाठी रोज काय करत होता, ते आठवा.

रत्नाबाईंनी फोटोशेजारची फळी आता रिकामी ठेवली आहे. स्पीकर स्वयंपाकघरात गेला. रोज संध्याकाळी आठ वाजता तो दिशाने लावून ठेवलेली आठवण करून देतो, त्याच परक्या बाईच्या आवाजात, की गोळीची वेळ झाली. रत्नाबाई हातातलं पीठ झटकतात आणि त्याला उत्तर देतात, "व्हय गं बाई, देते."